गाडीचा रंग किती वेळा घासावा?

चाकणहून तळेगावकडे निघाले की वाटेत महाळुंगे लागते. (बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारचे महाळुंगे वेगळे, हे खेड तालुक्यातले.) १९९९ मध्ये येथे बजाज ऑटोचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. ३१ मार्च २००९ रोजी निघोजे, महाळुंगे आणि खराबवाडी या गावांच्या शिवारात फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्यांच्या आगेमागे पत्रा दाबणारी, लोखंड घडवणारी, वेल्डिंग करणारी छोटी-मोठी युनिटे उभी राहिली. आज या रस्त्यावरून नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर जाताना दिसतात आणि त्याच रस्त्याच्या कडेला ‘डेंटिंग-पेंटिंग’, ‘रबिंग-पॉलिश’, ‘टेफ्लॉन’, ‘सिरॅमिक’ अशा पाट्याही दिसतात. एका ठिकाणी रंग चढवला जातो, दुसऱ्या ठिकाणी तो घासला जातो.

कर्ज काढून गाडी घेतलेल्या प्रत्येकाला या पाट्यांखालून जाताना एक प्रश्न पडतो. गाडीवरचे जुने मेण काढून, पॉलिश करून, नवा संरक्षक लेप द्यायचा तो किती दिवसांनी? ‘सहा महिन्यांनी एकदा’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर कोठून आले आणि ते आजच्या गाडीला लागू पडते का, हे तपासायचे तर आधी रंगाची जाडी पाहावी लागेल.

कागदाएवढा रंग

वहीचे शंभर कागद एकत्र दाबून त्यांची जाडी पट्टीने मोजा आणि शंभराने भागा. एका कागदाची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन भरेल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून अशा एक ते दीड कागदाएवढाच जाड असतो: १०० ते १३० मायक्रॉन, कधी थोडा कमी-जास्त.

एवढ्याशा जाडीत चार थर असतात. तेलकटपणा धुऊन, फॉस्फेटची प्रक्रिया करून गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्याला विजेचे ऋण टोक जोडतात. पाण्यातले धनभारित रंगकण पत्र्याकडे ओढले जातात, अगदी दाराच्या पोकळीतही जाऊन बसतात. हा सुमारे २० मायक्रॉनचा थर गंज रोखतो. त्यावर प्रायमरचा ३०-४० मायक्रॉनचा थर पत्र्यावरचे बारीक उंचसखलपण झाकतो आणि उडणाऱ्या खड्यांचा मार सोसतो. तिसरा थर आपल्याला दिसणाऱ्या रंगाचा, म्हणजे बेसकोट; तो अवघा १५ मायक्रॉनच्या आसपास असतो. सगळ्यांत वर रंग नसलेला, काचेसारखा पारदर्शक क्लियरकोट येतो. त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन. आपण पुढच्या हिशेबासाठी ४० धरू. गाडीची झळाळी याच थराची असते आणि पॉलिशवाल्याचे फडके फिरते तेही याच थरावर.

हे थर भट्टीत भाजले जातात. क्लियरकोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातील बहुवारिकाच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि एक जाळे तयार होते. म्हणूनच तो पेट्रोलने विरघळत नाही की उन्हात वितळत नाही. गॅरेजमध्ये नंतर मारलेल्या रंगाला ही भट्टी मिळत नाही, कारण तोवर गाडीत प्लास्टिक, रबर, वायरी बसलेल्या असतात. तेथे दोन द्रव मिसळून मारलेला रंग फार तर ६० अंशांवर सुकवतात. तो चांगला असू शकतो, पण वेगळा असतो. पुन्हा रंगवलेल्या दाराला मूळ दाराचा नियम डोळे मिटून लावता येत नाही.

जुन्या रंगाची जुनी सवय

आता सहा महिन्यांच्या नियमाकडे येऊ. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींवर आला. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्युको करून देतो’ म्हणतात तो शब्द येथलाच. हा रंग झटपट वाळे, पण त्याला चकाकी आणण्यासाठी घासावेच लागे. पुढे एनॅमलचे रंग आले. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळापर्यंत रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारे राळेसारखे माध्यम एकाच थरात असे. उन्हाने वरचे माध्यम झिजले की रंगद्रव्याची भुकटी सुटी पडे. गाडीवर बोट फिरवले की बोटाला खडूसारखी रंगीत पूड लागे. रबिंग करून ती मेलेली साय काढली की खालचा ताजा रंग उघडा पडत असे. तो थर जाड असे आणि खालपासून वरपर्यंत एकसारखा असे. त्यामुळे दर काही महिन्यांनी घासणे हे त्या रंगाच्या बाबतीत शहाणपणाचेच होते. फडक्याला रंग लागला म्हणजे काम नीट झाले, असे कारागीर मानत.

क्लियरकोटची पद्धत १९८०च्या दशकात जगभर पसरली आणि त्यानंतर आपल्याकडे आली. रंग बदलला, सवय तशीच राहिली. आता फडके पांढरेच राहते, त्यामुळे काही झिजते आहे हे कारागिराला दिसत नाही आणि मालकालाही कळत नाही. आमच्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ येथेच आहे.

पॉलिश म्हणजे नेमके काय

बाजारात ‘पॉलिश’ आणि ‘वॅक्स’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांची कामे मात्र उलट आहेत. पॉलिश थर कमी करते, वॅक्स थर वाढवते (अगदी किंचित आणि तात्पुरता).

पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे सूक्ष्म कण असतात. ओरखडा म्हणजे पृष्ठभागातला एक चर. पॉलिश तो चर बुजवत नाही. शेतातला चर नाहीसा करण्यासाठी सगळे शेतच चराच्या तळापर्यंत खाली आणावे, तसे ते आजूबाजूचा सारा क्लियरकोट खाली आणते. ओरखडा २ मायक्रॉन खोल असेल, तर भोवतालचा थर तितकाच घालवावा लागतो. बारीक पॉलिशचा एक हलका हात मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी थर काढतो. खरखरीत कंपाउंड आणि जोरात फिरणारे यंत्र काही मायक्रॉन सहज घेऊन जाते. नख अडकेल एवढा खोल ओरखडा असेल तर तो पॉलिशने घालवण्याचा नाद सोडावा.

मग वॅक्स लावल्यावरही ओरखडे कसे नाहीसे होतात? घासलेल्या, दुधी दिसणाऱ्या काचेवर पाण्याचा हात फिरवा. ती पारदर्शक होते. पाणी बारीक खड्ड्यांत भरते आणि त्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा काचेला जवळचा असल्याने प्रकाश वेडावाकडा विखुरत नाही. मेणाचा अपवर्तनांक १.४४च्या आसपास असतो, क्लियरकोटचा १.५च्या जवळ. मेणाने भरलेला ओरखडा दिसेनासा होतो, पण जागेवरच असतो. चार धुण्यांनंतर मेण गेले की तो पुन्हा दिसतो. अनेक ‘पॉलिश’च्या डब्यांत असे भरणारे तेल आणि मेण मिसळलेले असते. म्हणून गॅरेजमधून निघतानाची झळाळी पाहून काम कसे झाले हे ठरवता येत नाही.

ताटातली वर्तुळे

गडद रंगाच्या गाडीवर दिव्याचे किंवा सूर्याचे प्रतिबिंब पडले की त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. ‘पुसणाऱ्याने गोल गोल हात फिरवला म्हणून’ असे कारण सर्रास सांगितले जाते. वर्गात याची परीक्षा घेता येते. रोज घासले जाणारे जुने स्टीलचे ताट घ्या आणि एका दिव्याखाली धरा. प्रतिबिंबाभोवती तीच वर्तुळे दिसतील. आता दिवा हलवा. वर्तुळांचे केंद्रही दिव्याबरोबर सरकते. ओरखडेच जर गोल असते तर ते जागचे हलले नसते.

खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. बारीक ओरखडा तारेसारखा वागतो. प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला जो काटकोनात असतो, त्याच्यावरचा प्रकाश आपल्या डोळ्याकडे येतो. बाकीच्यांचा भलतीकडे जातो. अशा निवडक तुकड्यांची मिळून वर्तुळे भासतात. पावसाळ्याच्या रात्री ओल्या झाडाच्या फांद्यांमधून रस्त्यावरचा दिवा पाहा. फांद्या दिव्याभोवती गोल वळल्यासारख्या वाटतात, तेही याच कारणाने. (लेथवर खरोखरच गोल रेषा कोरलेल्या झाकणावर मात्र वर्तुळे चमकत नाहीत, केंद्रातून जाणारा एक उजळ पट्टा दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून दाखवले तर मुलांना फरक चटकन कळतो.)

हे ओरखडे येतात कोठून? या भागात धूळ म्हणजे बरीचशी बेसाल्टची भुकटी. खडी, क्रश सँड, खोदलेले रस्ते, सगळीकडे तोच काळा पाषाण. त्यातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे मोहच्या मापावर ६च्या आसपास येतात. कोणत्याही रंगाच्या बहुवारिकापेक्षा ती कितीतरी कठीण. सकाळी सोसायटीत एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-वीस गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पाचव्या गाडीपासून ते फडके पॉलिशपेपरच्या भावंडासारखे वागू लागते. पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. पण कोरड्या किंवा मळक्या फडक्याने रोज पुसून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ देऊन, दोन बादल्या (एक शॅम्पूची, एक फडके खळबळण्याची) वापरून धुणे रंगाला मानवते. ओरखडे पडलेच नाहीत तर घासण्याची पाळीही उशिरा येते.

हिशेब

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. वर्षातून दोनदा रबिंग आणि प्रत्येक वेळी फक्त २ मायक्रॉन गेले असे धरू. १५ × २ × २ म्हणजे ६० मायक्रॉन. क्लियरकोट होता ४० मायक्रॉनचा! नियम प्रामाणिकपणे पाळणाऱ्याच्या गाडीवर दहाव्या वर्षीच तो शिल्लक राहणार नाही.

प्रत्यक्षात नुकसान त्याच्या पुष्कळ आधी होते. क्लियरकोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि किरणांमुळे तयार होणाऱ्या मुक्त मूलकांना निकामी करणारी दुसरी द्रव्येही असतात. शोषणाचा नियम घातांकी आहे. समजा, ४० मायक्रॉनच्या थरातून एखाद्या तरंगलांबीचे १०० पैकी १ एवढेच प्रारण खाली पोचते. थर निम्मा, म्हणजे २० मायक्रॉन उरला तर किती पोचेल? ५० नव्हे, १०० पैकी १०, म्हणजे पूर्वीच्या दसपट. आणि फक्त पाव थर गेला, ३० मायक्रॉन उरले, तर १०० पैकी सुमारे ३, म्हणजे तिपटीहून थोडे अधिक. (बारावीच्या विद्यार्थ्यांनी १००चा पाऊण घात काढून ताडा पाहावा.) बेसकोटला आणि त्या दोघांमधल्या सांध्याला हे प्रारण लागले की पकड सुटते आणि टपावर, बॉनेटवर क्लियरकोटचे पांढरट पापुद्रे निघू लागतात. अशा गाड्या तुम्ही रस्त्यावर नक्की पाहिल्या असतील. एकदा पापुद्रे सुटले की पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवणे एवढेच उरते, आणि त्याचा खर्च पॉलिशच्या कितीतरी पट असतो.

टप आणि बॉनेटच आधी का जातात, याचे उत्तर शून्य सावलीच्या दिवसात आहे. महाळुंग्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैअखेरीसही येतो, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात आडव्या पृष्ठभागांना ऊन सरळ लागते, दारांना तिरपे. गडद रंगाचे बॉनेट तेव्हा ६०-७० अंशांपर्यंत तापते. अशा तापलेल्या रंगावर पक्ष्याची विष्ठा पडली तर तिच्यातील आम्ल आणि विकरे बहुवारिकाच्या जाळ्यातले बंध तोडू लागतात. तेथे पॉलिशपेक्षा लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलणे महत्त्वाचे. घासून काढली तर तिच्यातले खडे ओरखडे पाडतात.

यावरून आम्ही असा अंदाज बांधतो की मूळ क्लियरकोटपैकी पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त, म्हणजे ७-८ मायक्रॉनहून अधिक, गाडीच्या साऱ्या आयुष्यात खर्च करू नये. त्यात हलके पॉलिश सात-आठ वेळा बसेल, खरखरीत रबिंग दोन-तीन वेळाच. तीन-चार वर्षांतून एकदा, तेही ओरखडे खरोखर खुपू लागले तर, एक हलका हात पुरे. कडा आणि घड्या यांवर रंग मुळातच पातळ असतो, तेथे मास्किंग टेप लावून घ्यायला सांगावे.

चांगल्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असते. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय प्रवर्तनाने चालते. चुंबक आणि पत्रा यांच्यात एक, दोन, तीन कागद ठेवून स्प्रिंगकाट्याने चुंबक ओढून पाहिला तर त्यामागचे तत्त्व वर्गातही कळते: अंतर वाढले की ओढ घटते. यंत्र चारही थरांची बेरीज सांगते, एकट्या क्लियरकोटची नव्हे. म्हणून गाडी नवी असतानाच आकडे टिपून ठेवावेत. पुढे किती झिजले हे वजाबाकीनेच कळेल.

काढणे आणि लावणे

जुने मेण आणि चिकटलेली घाण काढणे हे वेगळे काम आहे, ते घासल्याशिवाय होते. महाळुंग्यासारख्या ठिकाणी याला विशेष महत्त्व आहे. ग्राइंडिंग आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांतून आणि गाड्यांच्या ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात, पावसाळ्यात गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. त्यावर फवारण्याच्या द्रवात थायोग्लायकोलेट असते. ते लोखंडाशी जांभळट-तांबडे संयुग तयार करते, त्यामुळे प्रत्येक कणाभोवती रंग उतरताना दिसतो. वास मात्र गंधकाचा, नकोसा. काम सावलीत, हातमोजे घालून करावे आणि द्रव वाळू न देता धुवावा. (चुंबक कागदात गुंडाळून अंगणातल्या धुळीवरून फिरवला तर काळे कण चिकटतील, पण ते सगळे कारखान्याचे नसतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतेच. भिंगाखाली ठिणग्यांचे कण बारीक गोळ्यांसारखे दिसतात, मॅग्नेटाइटचे कोनदार.) बोअरच्या कठीण पाण्याचे पांढरे डाग ताजे असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरने जातात, कारण ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असते. अशी सफाई वर्षातून एकदा पुरते, आणि त्याला पावसाळा संपल्यानंतरचा ऑक्टोबर सोयीचा.

त्यानंतर संरक्षक लेप. ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडापासून मिळणारे कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. तापलेल्या बॉनेटचा आकडा आठवला की कार्नोबाचा मान का, हे कळेल. तरीही आपल्या उन्हात ते काही आठवडे, फार तर दोनेक महिने टिकते. कृत्रिम बहुवारिकांचे सीलंट काही महिने टिकतात. ज्याला वॅक्स स्वतः लावायचे आहे त्याने ते खुशाल दोन महिन्यांनी लावावे, त्याने थर झिजत नाही. सीलंट वापरणाऱ्याला ऑक्टोबरात एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा एवढे पुरेल. धुतल्यावर पाण्याचे गोल थेंब न होता पाणी पसरून बसू लागले की लेप संपत आल्याची ती खूण.

‘टेफ्लॉन’ या शब्दाला भुलू नये. तो पदार्थ ३२७ अंशांच्या आसपास वितळतो आणि तव्यावर तो भट्टीत भाजून बसवलेला असतो. रंगवलेली मोटार तेवढी तापवता येत नाही. सिरॅमिक लेप मात्र खरेच रासायनिक रीत्या चिकटतो आणि वर्षभर वा अधिक टिकू शकतो. पण त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपास, आणि जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे, मोहच्या मापाचा नव्हे. बेसाल्टची धूळ त्यालाही ओरखडते. शिवाय हा लेप देण्याआधी गाडी पॉलिश करून घेण्याची पद्धत आहे आणि दर वर्षी ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली तेच पुन्हा होते. लेप घ्यायचा असेल तर नव्या गाडीवर, पॉलिशशिवाय किंवा अगदी हलक्या हाताने करून घ्यावा, आणि दर वेळी कोणते कंपाउंड वापरले हे बिलावर लिहून मागावे.

मॅट रंगाच्या गाड्या आणि मोटारसायकली यांना यातले पॉलिश अजिबात चालत नाही. मॅट क्लियरकोटचा पृष्ठभाग सिलिकासारख्या बारीक कणांनी मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून प्रकाश सर्व बाजूंना विखुरतो. एका ठिकाणी घासले की तेवढाच डाग चकचकीत होतो आणि तो पुन्हा मॅट करण्याचा मार्ग गॅरेजकडे नसतो. पूर्ण टाकीच रंगवावी लागते. तेथे साधा शॅम्पू, पाणी आणि मऊ फडके एवढ्यावरच थांबावे.